बकेट टेकवायला आधी शिका

मोठा पोकलेन गावात आला की लोक आपणहून लांब थांबतात. आमच्या तीन टनी मिनी पोकलेनजवळ मात्र बघे अगदी चेनला चिकटून उभे राहतात. म्हातारी माणसं काठी टेकत चारीच्या कडेला येतात आणि "किती खोल गेलं रं?" म्हणत वाकून बघतात. पोरं मशीनच्या लांब हाताखालून, म्हणजे बूमखालून पळतात. घरमालक बकेटच्या तोंडासमोर उभा राहून बोटानं जागा दाखवत असतो. मशीन दिसायला लहान, त्यामुळे कुणालाच त्याचा धाक वाटत नाही. या कामात माणसं दगावतात ती अनेकदा या धाक नसण्यामुळेच, म्हणून नवीन पोरगं शिकायला आलं की माझी शिकवणी इथूनच सुरू होते.

कोरेगाव तालुक्यात मी भाड्यानं मिनी पोकलेन चालवतो. काम सगळं बारीकसारीक असतं. उसाच्या रानातली पाइपलाइन, गल्लीतलं गटार, शोषखड्डा, घराचे फुटिंग, कुणी आंबा लावणार असेल तर मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डे. जेसीबी साडेसात टनांच्या घरातला, तो जुन्या गावठाणातल्या बोळात शिरत नाही. मिनी पोकलेन दीड मीटरच्या वाटेनं आत जातो, रबरी चेन असल्यामुळे फरशीवर फारसे ओरखडे काढत नाही आणि पावणेतीन मीटरपर्यंत खाली खोदतो. याहून लहान मशिनांची चेन आत ओढून घेता येते, मग ती मीटरभराच्या फाटकातूनही जातात. पण आत गेल्यावर चेन पुन्हा पूर्ण बाहेर काढल्याशिवाय खोदायला सुरुवात करायची नाही. आखडलेल्या चेनवर उभं राहून बाजूला बकेट भरलं तर मशीन कलंडायला वेळ लागत नाही.

आमच्या भागात हे काम शिकायची रीत ठरलेली आहे. पोरगं आधी हेल्पर म्हणून लागतं. ग्रीस मारायचं, डिझेल आणायचं, चारीत उतरून फावड्यानं तळ साफ करायचा. दुपारी ऑपरेटर जेवायला सावलीत बसला की पोरगं सीटवर चढतं, काम देणाऱ्या पार्टीच्याच रानात, पार्टीच्याच पाइपलाइनवर हात साफ करतं. अशानं बकेट भरायला येतं, हे खरं. कुठं थांबायचं ते मात्र येत नाही, कारण ते सांगणारा माणूस लांब झाडाखाली जेवत असतो. ही रीत बंद व्हायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. माझा भाचा आयटीआय करून माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला मोकळ्या मुरमाड माळावर नेलं. तिथं ना घर होतं, ना तार, ना बघे.

पहिल्या सकाळी त्याला वाटलं होतं की मी किल्ली हातात देईन. मी त्याला मशीनभोवती फिरवलं. इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक ऑइलची काच, डिझेल फिल्टरमध्ये साठलेलं पाणी, चेनचा ताण, बकेटच्या पिना, प्रत्येक निपलवर ग्रीस. आर्मवरच्या, म्हणजे बूमपुढच्या हातावरच्या एका होज पाइपाजवळ बारीक ओल दिसत होती. त्यानं सवयीनं बोट पुढं केलं. मी त्याचं मनगट धरलं, बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "हा फिरव." मशीन चालू करून लिव्हर जरा दाबल्यावर पुठ्ठ्यावर सुईच्या टोकाएवढा ठिपका पडला आणि तिथून पुठ्ठा आरपार ओला झाला. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो, या पाइपांत तो दोनशे बारच्या घरात जातो. एवढ्या दाबानं सुटलेलं तेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत हात सडायला लागतो. असं कुणाला झालं तर हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना 'दाबाचं तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट नाहीतर हात काढावा लागतो.

मग सीट. चढताना तोंड मशीनकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला. लिव्हर धरून चढायचं नाही. डाव्या हाताला एक लाल रंगाचा दांडा असतो, तो वर केला की हायड्रॉलिक बंद पडतं आणि चुकून लिव्हरला धक्का लागला तरी बूम हलत नाही. सीटवरून उठायचं असेल, पाणी प्यायला वळायचं असेल, कुणाशी बोलायला बाहेर वाकायचं असेल, तरी आधी बकेट जमिनीवर आणि लाल दांडा वर. शर्टाची बाही किंवा जॅकेटचा खिसा लिव्हरमध्ये अडकून मशीन गरकन फिरतं, असं या कामात घडत आलेलं आहे.

पट्ट्याबद्दल आमची पोरं नाक मुरडतात. "एवढ्याशा मशीनला कशाला बेल्ट, मामा?" भाचाही म्हणाला. कॅबिनची चौकट मशीन उलटलं तरी आतल्या माणसाभोवती जागा राहावी म्हणूनच बनवलेली असते. पण माणूस आत राहिला तरच तिचा उपयोग. मशीन कलू लागलं की हात आपोआप दाराकडे जातो, माणूस उडी मारतो आणि तीन टनांची तीच चौकट त्याच्यावर येते. पट्टा बांधलेला असेल तर उडी मारायचा विचारच संपतो. कलंडताना हँडल घट्ट धरायचं, पाय आत घ्यायचे आणि आतच राहायचं.

आता लिव्हर. बहुतेक मशीनमध्ये डाव्या हाताला आर्म आणि वरचं धड फिरवणं, उजव्या हाताला बूम आणि बकेट. उजवी लिव्हर मागे ओढली की बूम वर, पुढे ढकलली की खाली, आत डावीकडे घेतली की बकेट मिटतं, उजवीकडे नेली की उघडतं. पण सगळीकडे असंच असेल यावर विसंबू नका. दुसऱ्या पद्धतीच्या मशीनमध्ये बूम आणि आर्म यांचे हात बदललेले असतात, आणि कित्येक मिनी मशीनमध्ये सीटखाली किंवा मागे एक खटका असतो, त्यानं ही पद्धत उलटसुलट करता येते. काल दुसऱ्या ऑपरेटरनं ती बदलून ठेवलेली असू शकते. म्हणून रोज सकाळी रेस कमी ठेवून, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, प्रत्येक लिव्हर बोटाएवढी हलवायची आणि काय हलतं ते डोळ्यांनी बघायचं.

चालवण्याच्या लिव्हरबाबत नवख्याची हमखास फसगत होते. चेनजवळचं माती सारायचं ब्लेड समोर असेल तर लिव्हर पुढे ढकलल्यावर मशीन पुढे जातं. वरचं धड अर्धं फिरवलं आणि ब्लेड पाठीमागे गेलं, की तीच लिव्हर पुढे ढकलल्यावर मशीन तुमच्या पाठीकडे धावतं. चारीच्या कडेला हे विसरलात तर मशीन चारीत. ब्लेड कुठं आहे हे आधी बघायचं, मग हात हलवायचा. भाच्याला मी ते मोठ्यानं बोलायला लावलं. "ब्लेड मागं," असं म्हणेपर्यंत लिव्हरला हात नाही.

त्यानंतर काही काळ त्याला मी एक ढेकूळही उचलू दिलं नाही. बकेट पाण्यानं भरायचं, बूम वर घ्यायचा, धड फिरवायचं आणि ठरलेल्या खुणेवर बकेट अलगद टेकवायचं, पाणी हिंदकळू न देता. सुरुवातीला मशीन झटके देत होतं, पाणी सगळीकडे उडत होतं, कारण तो एका वेळी एकच लिव्हर हलवत होता आणि थांबवताना ती सोडून देत होता. लिव्हर सोडायची नाही, परत मधे आणायची. धड फिरत असतानाच बूम उतरायला हवा, आर्म आत येतानाच बकेट मिटायला हवं. हात सरावला की अंगणाएवढी जागा सपाट करायला दिली. बकेटचा तळ जमिनीवरून ओढत न्यायचा, खड्डा पडू द्यायचा नाही, ढीग राहू द्यायचा नाही. हा सराव कंटाळवाणा आहे. पण ज्याला बकेट नेमकं टेकवता येतं त्याचं बकेट कुणाच्या भिंतीला, पाइपाला किंवा पायाला लागत नाही. वेगानं खोदणं नंतर आपोआप येतं, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

माणसांचा नियम मी एकच ठेवला आहे. बूम पूर्ण लांबवला तर मिनी पोकलेनचं बकेट साधारण पाच मीटरवर पोचतं. त्या गोलात कुणीही आलं, मालक असो, सरपंच असो, लहान लेकरू असो, बकेट खाली, लाल दांडा वर, मगच बोलायचं. पार्टीला राग येतो. मीटर चालू आहे, तासाचे पैसे चाललेत, थांबतोस कशाला, म्हणतात. थांबायचंच. बूम पुढे असतो म्हणून सगळे पुढे बघतात. धडाच्या मागचं तोल राखणारं वजन भिंतीच्या दिशेनं फिरतं आणि भिंत आणि मशीन यांच्यामध्ये हेल्पर सापडतो, हे कुणाला दिसतच नाही. काही मशिनांचं मागचं वजन चेनच्या रुंदीबाहेर जात नाही. ती बोळासाठी चांगली, पण तीच मशीन तिरकी उभी असतील तर कोपरा बाहेर येतोच. भिंतीच्या बाजूला माणूस उभा करायचा नाही, तेवढ्या जागेत जाताच येऊ नये म्हणून तिथं दोरी बांधायची.

चारीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण जीव सर्वांत जास्त तिथंच जातो आणि मशीनवाला त्यात आपला दोष मानत नाही. घनमीटरभर माती दीड टनाच्या आसपास भरते. कमरेएवढ्या चारीत वाकून काम करणाऱ्यावर एक बाजू ढासळली तर तो हातपाय हलवू शकत नाही. छातीवर दाब बसला की तोंड बाहेर असूनही श्वास आत घेता येत नाही. नदीकाठच्या आमच्या काळ्या मातीला वाळल्यावर भेगा पडतात, ओली झाली की ती फुगते आणि साबणासारखी निसटते. उन्हाळ्यात सरळसोट, घट्ट दिसणारी बाजू एका अवकाळी सरीनंतर पडते. खोदाईच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक संस्थेचा ३७६४ क्रमांकाचा मानक आहे, १९९२ साली तो सुधारलेला आहे, पण गावातल्या कामावर तो कुणी उघडून पाहिलेला मला आठवत नाही. त्यातलं सार साधं आहे. दीड मीटरपेक्षा खोल चारीत आधार दिल्याशिवाय किंवा बाजू उतरत्या केल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही. काढलेली माती कडेवर रचायची नाही. दीड मीटर किंवा चारीच्या खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त असेल तेवढं अंतर सोडून टाकायची. कडेवर रचलेला ढीग बाजूला खाली ढकलत असतो आणि वरचा दगड घरंगळून खालच्या माणसाच्या डोक्यात बसतो.

मशीनही त्या कडेला वजन देतंच. म्हणून चेन चारीला काटकोनात ठेवायची. कड खचू लागली तर मागे सरकता येतं. चेन चारीला समांतर असली तर एक बाजू खचली की मशीन सरळ आत. स्वतःच्या चेनखालची माती पोखरायची नाही. धड फिरवून बकेटच्या बाजूनं माती झाडायची नाही. त्यानं पिना तर जातातच, शिवाय मशीन आडव्या बाजूनं जोर घेतं, आणि मिनी पोकलेनची आडवी बाजूच सर्वांत कमकुवत. खोदताना ब्लेड जमिनीला टेकलेलं हवं. भरलेलं बकेट बाजूला फिरवायचं असेल तर आधी आर्म जवळ घ्या.

पाइपलाइनीचं आणि तारांचं ज्ञान कुठल्याच मशीनमध्ये बसवून येत नाही. दूरसंचार विभागाचं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालं. खोदणाऱ्यानं जागा कळवायची आणि ज्यांच्या केबल, पाइप तिथून गेल्या आहेत त्यांच्यापर्यंत ती पोचायची, ही त्यामागची कल्पना. ते वापराच. पण शेजारच्या शेतकऱ्यानं वीस वर्षांपूर्वी रात्रीत पुरलेली तीन इंची पाइप कुठल्या ॲपवर दिसणार? त्यासाठी गावातला पाणी सोडणारा माणूस, वायरमन आणि त्या वाटणीतलं सर्वांत वयस्क माणूस, या तिघांना विचारायचं आणि चुन्यानं रेघा मारून घ्यायच्या. मशीन चालू असताना डोळा मातीच्या रंगावर हवा. काळ्या मातीत मधेच पिवळसर वाळूचा पट्टा आला किंवा ओळीनं मांडलेल्या विटा दिसल्या की थांबा. वीज केबल टाकताना तिच्याभोवती वाळू आणि वर विटा किंवा फरशा घालतात, ती खूण तुमच्यासाठीच ठेवलेली असते. लाल-पिवळी प्लॅस्टिकची पट्टी निघाली तरी तेच. तिथून पुढचं काम फावड्यानं, मशीननं नाही.

वरच्या तारांकडे नवख्याचं लक्षच जात नाही, कारण तो खाली बघत असतो. रानातून गेलेल्या अकरा हजार व्होल्टच्या तारा उन्हाळ्यात सैल होऊन खाली येतात आणि बकेट उचलून माती टाकताना बूम उंच जातो. बूमचं टोक आणि तार यांच्यात तीन मीटर हे अगदी किमान समजा, मी त्याहून बरंच जास्त ठेवतो. तेवढं ठेवता येत नसेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय काम नाही. चुकून तारेला लागलंच, तर कॅबिनमध्येच बसून राहा, जमल्यास बूम बाजूला घ्या, ओरडून लोकांना लांब ठेवा आणि १९१२ वर फोन करायला लावा. खाली उतरायचं ते फक्त आग लागली तर. तेव्हाही पायरीनं उतरायचं नाही. मशीनला हात न लावता दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता, घसटत लांब जायचं. एक पाय जमिनीवर आणि हात मशीनला, ही स्थिती जीव घेते.

उतारावर सरळ चढायचं, सरळ उतरायचं, आडवं जायचं नाही, आणि बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवायचं म्हणजे घसरायला लागलं तर लगेच टेकवता येतं. ट्रेलरवर चढवणं हे पहिल्या महिन्यातलं काम नव्हेच. ओल्या फळीवर रबरी चेन सटकते, आणि ट्रेलर उभा केलेली जागा सपाट नसेल तर जुन्या हातालाही ते जड जातं. भाच्याला मी अजून एकट्याला चढवू देत नाही. झटपट बकेट बदलायचा हिच असेल तर पिन बसली का ते डोळ्यांनी बघायचं, मग बकेट जमिनीवर दाबून, ओढून खात्री करायची. न बसलेल्या पिनवरचं बकेट नेमकं कुणाच्या तरी डोक्यावर असताना सुटतं.

शिकायचं कुठं, हे बरेच तरुण विचारतात. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलनं एक्स्कॅव्हेटर आणि बॅकहो लोडर चालवण्याचे अभ्यासक्रम ठरवले आहेत. त्यांच्या मान्यतेच्या केंद्रातून प्रमाणपत्र घेतलं तर मोठ्या कंपन्यांच्या साइटवर काम मिळणं सोपं जातं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान अशा ऑपरेटरकडे राहावं, जो जेवायला जाताना किल्ली खिशात घालून जातो.

मशीन मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. नवीन पोराला महिनाभर पडीक रानात सराव करू द्या, ते डिझेल वाया गेलं असं समजू नका, आणि त्याचा पगार त्या महिन्यातही द्या. आणि तुम्ही, ज्यांच्या दारात मशीन येणार आहे, तुम्ही आदल्या दिवशी पाइप आणि केबल कुठून गेली ते शोधून चुन्यानं आखून ठेवा, घरातल्या लेकरांना आणि म्हाताऱ्यांना पाच मीटरच्या बाहेर बसवा, आणि ऑपरेटरनं तुम्हाला बघून मशीन थांबवलं तर तासाचे पैसे मोजत बसू नका, मागे सरका.